तळाच्या फळीवरची रजिस्टरं : मराठवाड्याच्या आठ जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड

प्रत : जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, बाल कल्याण समित्या, तसेच शिशुगृहं चालवणाऱ्या आणि चालवून बंद केलेल्या संस्थांचे विश्वस्त

विषय : परदेशात दत्तक गेलेल्यांचा रूट सर्च (आपल्या मुळाचा शोध) आणि त्यासाठी लागणारे जुने अभिलेख

महोदय, महोदया,

स्वीडन, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, बेल्जियम, अमेरिका इथून चाळिशी-पन्नाशीची माणसं आपल्या कार्यालयांत येतात. रजा दहा-बारा दिवसांची असते, हातात दोन-तीन पिवळे पडलेले कागद असतात. ‘मी कुठून आले?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. आपल्याकडून त्यांना ठरलेल्या दोन उत्तरांपैकी एक मिळतं : ‘गोपनीय आहे’ किंवा ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’. दोन्ही उत्तरं कपाट न उघडताच दिली जातात, अशी आमची तक्रार आहे. उपलब्ध नाही म्हणायला आधी काय उपलब्ध आहे याची यादी लागते. ती यादी आठपैकी कोणत्या जिल्ह्यात आहे, हे आपण आपल्याच कार्यालयात विचारून पाहावं.

हे पत्र आपल्यालाच का, तेही सांगतो. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी काढतात. म्हणजे आज जे बाळ परदेशी जाईल, ते वीस वर्षांनी आपल्याच सहीचा कागद घेऊन आपल्याच दारात उभं राहणार आहे. जुन्यांचे हाल मिटवले नाहीत, तर नव्यांचेही तेच होणार.

कायद्यात काय आहे आणि काय नाही, ते आधी मोकळं करू. भारताने ६ जून २००३ रोजी आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराला मान्यता दिली. त्याच्या कलम ३० नुसार मुलाच्या मुळाची माहिती, त्यातही आईवडिलांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास, जपून ठेवायचा आहे आणि देशाच्या कायद्यात बसेल तेवढा त्या व्यक्तीला योग्य मार्गदर्शनासह दाखवायचा आहे. आपल्या दत्तक नियमावलीत (२०१७ च्या आणि आताच्या २०२२ च्याही) रूट सर्चचा वेगळा नियम आहे. अठरा वर्षांवरील व्यक्ती स्वतः ‘कारा’कडे (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे) ऑनलाईन अर्ज करू शकते, त्याखालील मुलाने दत्तक पालकांसोबत करायचा. विचारणा आली की मूल कुठून आलं, कोणत्या परिस्थितीत आलं आणि दत्तकाची प्रक्रिया कशी झाली, हे सांगणं यंत्रणेवर बंधनकारक आहे. मूल सोपवताना आईवडिलांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी त्यांची संमती घ्यायची. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तरीही मूल का आणि कसं सोपवलं गेलं ते सांगायचंच. तिऱ्हाइताने केलेला शोध चालत नाही, आणि दत्तक व्यक्तीच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणावर घाला पडता कामा नये.

याचा अर्थ गोपनीयतेचा पडदा आईच्या नावावर आहे, सगळ्या फाईलवर नाही. बाळाचं वजन, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या दवाखान्यातून किंवा पोलिस ठाण्यातून आलं, लसी कोणत्या टोचल्या, अंगावरची खूण, पहिला फोटो, ही सगळी त्या व्यक्तीची स्वतःची माहिती. ती नाकारायला कोणताच नियम लागू होत नाही. ‘तिऱ्हाईत’ या शब्दाचाही फार ताणून अर्थ लावला जातो. अर्जदार समोर उभी आहे, पासपोर्ट दाखवते आहे, मराठी येत नाही म्हणून सोबत दुभाषी आणली आहे, आणि त्या दुभाषीला तिऱ्हाईत ठरवून दोघींना बाहेर काढलं जातं. अर्ज कुणाचा आहे ते पाहावं. माहिती अधिकाराची वाटही या माणसांना बंद आहे, कारण तो कायदा नागरिकांसाठी आहे आणि ही मंडळी दुसऱ्या देशाची नागरिक झालेली आहेत. स्वतः मागता येत नाही आणि दुसऱ्याने मागितलं की तिऱ्हाईत. म्हणून ‘कारा’मार्फत आलेल्या पत्राला जिल्ह्यातून काय उत्तर जातं, त्यावर सगळं अडून राहतं. तिथून बहुधा स्मरणपत्र क्रमांक तीनला उत्तर जातं, आणि तेही एका ओळीचं.

आता कागदांबद्दल. इथे आम्हाला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण घोडं इथेच पेंड खातं.

१९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाची चौकट घालून दिली. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं परदेशी दांपत्य इथे दत्तक घेत नसे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ते मुलाचं पालकत्व घेत आणि दत्तकविधान आपल्या देशात जाऊन करत. त्यामुळे जुन्या प्रकरणात ‘दत्तक आदेश’ शोधला की काही सापडत नाही. शोधायचा असतो तो पालकत्वाचा अर्ज, जिल्हा न्यायालयाच्या किरकोळ दिवाणी अर्जांच्या नोंदवहीत. परदेशी पाठवण्याची परवानगी असलेल्या संस्था मुख्यतः पुण्या-मुंबईत होत्या. म्हणून मूल नांदेडचं किंवा बीडचं असलं तरी अर्ज पुणे जिल्हा न्यायालयात किंवा मुंबई उच्च न्यायालयात असण्याचीच शक्यता जास्त. त्या अर्जाच्या जोडपत्रांत मात्र मराठवाड्याकडे नेणारा धागा असतो : सोपवणीपत्राची (मूल संस्थेच्या हवाली करताना आईने दिलेल्या लेखी कागदाची) प्रत, बालन्यायालयाचा आदेश किंवा ‘अमुक शासकीय रुग्णालयातून प्राप्त’ अशी ओळ. अर्जदार ही त्या प्रकरणातली अज्ञान (अल्पवयीन) व्यक्ती, म्हणजे प्रकरण तिचंच. तिला नक्कल मागता येते.

उलटा प्रवासही ध्यानात ठेवावा लागतो. अविवाहित मुलीला बाळंतपणासाठी गावाजवळ ठेवत नसत. धाराशिव-लातूरकडच्या पंढरपूर-सोलापूरला जात, बीड-जालन्याकडच्या नगर-पुण्याला. तेव्हा ‘जन्मस्थळ पंढरपूर’ म्हणजे आई पंढरपूरची, असं समजून शोध सुरू केला की पहिलं वर्ष वाया गेलंच म्हणून समजा.

अर्जदाराच्या देशातही कागद असतात आणि कित्येकदा तेच शाबूत असतात. अमेरिकेत गेलेल्यांची इमिग्रेशन खात्यात ‘ए-फाईल’ असते. व्हिसासाठी भारतातून गेलेल्या आदेशाच्या, वैद्यकीय दाखल्याच्या, सोपवणीपत्राच्या प्रती तिच्यात सापडतात. युरोपात दत्तक संस्थेची फाईल आणि मुलाची पार्श्वभूमी सांगणारा ‘चाइल्ड स्टडी’ अहवाल मिळतो. ही प्रत समोर आली की ‘आमच्याकडे मूळ नाही, सबब पडताळणी शक्य नाही’ असं लिहून फाईल बंद करू नये. त्या प्रतीवरचा जावक क्रमांक घ्यावा आणि आपलं जावक रजिस्टर उघडावं. फाईल गेली असली तरी जावकाची ओळ बऱ्याचदा शिल्लक असते.

एक उदाहरण घेऊ; कल्पनेतलं आहे, पण नोंदी अशाच असतात. परदेशी फाईलमध्ये एवढंच आहे : मुलगी, जन्म १४ ऑगस्ट १९७९, वजन २१०० ग्रॅम, आई अविवाहित, वय १९, लातूर भाग. आता शासकीय दवाखान्याचं त्या वर्षाचं लेबर रूम रजिस्टर घ्या. आडवं, जाड पुठ्ठ्याचं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्या तारखेला सहा बाळंतपणं, त्यांत चार मुली. नावाच्या रकान्यात सगळ्यांपुढे सौ. आणि नवऱ्याचं नाव आहे. नावावर जाऊ नका, लाज झाकायला ते तिथल्या तिथे बनवलं जाई. बघायचे ते बाकीचे रकाने. वजन पौंडात लिहिलेलं असेल, तर २१०० ग्रॅम म्हणजे ४ पौंड १० औंस. मग ‘कितवं बाळंतपण’ हा रकाना : पहिलं. मग डिस्चार्जच्या तारखा, आणि खरी खूण इथे सापडते. बाळ-बाळंतीण एकाच दिवशी घरी जातात. इथे आईच्या नावापुढे १७ ऑगस्ट आहे आणि बाळापुढे २२ ऑगस्ट. किंवा आईपुढे ‘न सांगता गेली’ असा शेरा आहे. शिशुगृहाच्या प्रवेश नोंदवहीत २२ ऑगस्टला दाखल झालेली मुलगी असेल आणि वजन जुळत असेल, तर दोन टोकं बांधली गेली. त्या ओळीतल्या आंतररुग्ण क्रमांकावरून केसपेपर शोधायचा. केसपेपर गेला असेल, तर नगरपालिकेची जन्मनोंद. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात अंमल १ एप्रिल १९७० पासून. त्यामुळे त्यानंतरच्या शहरातल्या बाळंतपणाची नोंद बहुतेक असते. मूळ नोंद पाहायची, दत्तकानंतर नव्या पालकांच्या नावाने दिलेला दाखला नव्हे.

मूल टाकून दिलेलं असेल, तर जन्मतारीख हा डॉक्टरांचा अंदाज असतो. काही दिवसांच्या बाळाच्या बाबतीत पुढे-मागे पंधरा दिवस धरून रजिस्टर चाळावं. वर्षभराच्या मुलाच्या बाबतीत चार-सहा महिन्यांचा फरक सहज पडतो. अशा वेळी पोलिसांकडे जावं लागतं. मूल सापडलं की स्टेशन डायरीत नोंद, पंचनामा, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३१७ खाली अज्ञाताविरुद्ध गुन्हा (आता तेच न्याय संहितेत कलम ९३ आहे). आरोपी मिळाला नाही की ‘अ समरी’ (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही) करून प्रकरण मिटतं. कागद नष्ट झाले असतील, तरी गुन्हा रजिस्टरच्या त्या वर्षाच्या पानावर ठिकाण आणि फिर्यादी यांची एक ओळ असू शकते. बसस्थानकावर बाळ सापडलं असेल, तर फिर्यादी कंट्रोलर असतो, दवाखान्यात सापडलं असेल तर परिचारिका.

सोपवणीपत्रावर आईचा अंगठा असतो, पत्ता मोघम असतो, पण खाली दोन साक्षीदार असतात. आमच्या मते त्या कागदावरचा सर्वांत कामाचा भाग तोच. साक्षीदार वॉर्डबॉय, आया किंवा कारकून असेल, तर तो सरकारी नोकर. म्हणजे त्याचं सेवापुस्तक आहे आणि निवृत्तिवेतन कोषागारातून जातं. आईचा पत्ता खोटा असू शकतो. पेन्शन घेणाऱ्याचा नसतो.

संस्था बंद पडली असेल, तर ‘संस्था अस्तित्वात नाही’ एवढं लिहून थांबू नये. ती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. सहायक धर्मादाय आयुक्तांकडून परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा काढला की विश्वस्तांची नावं आणि बदल अर्ज सापडतात. रजिस्टरं कोणा जुन्या सचिवाच्या माळ्यावर, लग्नाच्या भांड्यांशेजारी पडलेली असतात. त्यांना दम देऊ नका. घाबरले की पहिलं काम ते जाळण्याचं करतात.

जिल्ह्यांच्या हद्दींनीही फार घोळ घातला आहे, आणि तो आपल्याच कर्मचाऱ्यांना माहीत नसतो. १ मे १९८१ आधी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं, पण परतूर तालुका मात्र परभणीत. लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळं झालं, हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. म्हणजे वरच्या उदाहरणातली मुलगी लातुरात जन्मली, तरी जिल्हा पातळीवरचा तिचा पत्रव्यवहार धाराशिवच्या अभिलेख कक्षात असणार. लातूरहून ‘नाही’ असं उत्तर जातं आणि ते खरंही असतं, फक्त विचारणा चुकीच्या दारात झालेली असते. असं पत्र योग्य जिल्ह्याकडे वर्ग करायला एक शेरा पुरतो. नावांचंही तसंच. जुन्या कागदावर बीडचं ‘भीर’ असतं, अंबाजोगाईचं कधी ‘मोमिनाबाद’. आणि ‘औरंगाबाद’ टाकलं की संगणक माणसाला बिहारमध्ये नेऊन सोडतो. पिंपळगाव, वडगाव, धानोरा, सावरगाव या नावांची गावं तर तालुक्या-तालुक्यात. इंग्रजी स्पेलिंगवरून एकच गाव धरू नये. सगळी काढून, त्यांतलं कोणतं त्या दवाखान्याच्या वाटेवर होतं, ते पाहावं.

काही गावं तर जागेवरच नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्टा जमीनदोस्त झाला आणि ५२ गावं उठून नव्या जागी गेली. पैठणच्या नाथसागराने त्याआधीच कित्येक गावं पोटात घेतली होती. अशा गावच्या बाईचा शोध असेल, तर तहसीलमधल्या मृतांच्या आणि सानुग्रह मदतीच्या याद्या, पुनर्वसनातल्या घरवाटपाच्या याद्या आधी बघाव्यात. ती भूकंपात गेली असेल, तर निदान तेवढं तरी खात्रीने सांगता येतं. आणि ते सांगणं हेसुद्धा उत्तर आहे.

नाव सापडलं म्हणजे बाई सापडली असं नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलतात. सोपवणीपत्रावरची कमल आज सुनीता असते, आडनाव वेगळं, गाव वेगळं, आणि पासष्टीची आजी असते. मतदार यादीत तिला शोधून उपयोग नाही. माहेरच्या बाजूने, भावाच्या नावावरून शोधावं लागतं.

त्यानंतरचं पाऊल सगळ्यांत नाजूक, आणि आपल्या यंत्रणेचं चुकतं ते नेमकं इथे. पत्र पोलिस ठाण्याला जातं, हवालदार गावात येऊन पोलिस पाटलाला विचारतो, पाटील पारावर विचारतो. संध्याकाळपर्यंत गावाला कळतं की अमक्याच्या म्हातारीला लग्नाआधी मूल झालं होतं. एका परदेशी अर्जाचं उत्तर देताना इथल्या बाईचं आयुष्य उघड्यावर पडतं. म्हणून आमचं स्पष्ट म्हणणं आहे की या कामात पोलिस, सरपंच, अंगणवाडी, आशा यांपैकी कुणालाही घालू नये. प्रशिक्षित समुपदेशक बाई जावी, एकटी, खात्याची पाटी नसलेल्या गाडीने. बरोबर फोटो, भेटवस्तू, कॅमेरा काही नको. घरात बोलू नये. खोटं सांगू नये, पण बाकीच्यांना सगळं सांगण्याचीही गरज नाही : ‘दवाखान्याच्या जुन्या नोंदींची पडताळणी आहे’ हे खरंच आहे. तिच्याशी एकटीशी बोलायला मिळालं की आधी तिची ओळख पटवायची. साल, दवाखाना, बरोबर कोण होतं. पटली, की एकच निरोप : ‘ती जिवंत आहे, बरी आहे, तिला तुमच्याबद्दल विचारायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, आणि आज उत्तर द्यायची गरज नाही.’ मग उठायचं. दुसरी भेट तिच्या मर्जीने, तिने सांगितलेल्या जागी. पहिल्या भेटीत बाई ‘मी ती नाहीच’ म्हणते. ते नकार म्हणून फाईलवर चढवू नये. महिना-दोन महिने जाऊ द्यावेत.

वेळ साधणंही महत्त्वाचं. बीड, धाराशिव, जालना भागातलं ऊसतोडीचं घर दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकने गेलं की मार्च-एप्रिलपर्यंत कुलूपबंद असतं. या काळात गेलेला माणूस ‘सदर पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असा अहवाल लिहून मोकळा होतो. पंचमीला लेकी माहेरी येतात तेव्हा बाई भेटते, पण घर भरलेलं असतं. सण टाळून आधी-नंतर जावं.

डीएनएबद्दल थोडकं, कारण त्याच्याकडून अपेक्षा फार आणि इथे त्याचा उपयोग बेताचा. परदेशी कंपन्यांच्या डीएनए नमुन्यांच्या संग्रहांत मराठवाड्यातल्या खेड्यांतली माणसं जवळजवळ नाहीतच. अर्जदाराला जुळण्या मिळतात त्या परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांशी, आणि त्या दूरच्या. त्यात आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत. पिढ्यान्‌पिढ्या आते-मामेभावंडांत लग्नं झाली की दूरचं नातंही आकड्यात जवळचं दिसतं. आई-मूल ३४०० ते ३७०० सेंटिमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएचं माप), एका आईची पण वेगळ्या बापाची भावंडं १७०० च्या आसपास, सख्खी चुलत-मावस भावंडं साडेआठशेच्या आसपास. त्याखालच्या आकड्यांवर आपल्या भागात कुणी पैज लावू नये. मात्र बाई सापडल्यावर, भेट ठरण्याआधी, दोघींची थेट तुलना करणारी चाचणी जरूर करावी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, दोघींच्या लेखी संमतीने. संस्था बदलताना एका मुलाचे कागद दुसऱ्याला लागण्याचे प्रकार घडतात; दोन अनोळखी माणसांना गळ्यात गळा घालून रडायला लावून सहा महिन्यांनी ‘चूक झाली’ म्हणणं याइतकं क्रूर काही नाही. नमुना घेताना अर्धा तास काही खाऊ-पिऊ देऊ नये. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर आधी चूळ भरायला लावावी, नाहीतर नमुना फुकट जातो.

आणखी एक मागणी, बिनखर्चाची. शोध फक्त मुलाकडूनच होतो असं नाही. एखादी आई वीस वर्षांनी संस्थेच्या फाटकाशी येऊन उभी राहते, ‘माझं बाळ कुठंय’ म्हणून. तिला काही सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण तिने आणलेलं तरी घेता येतं. मुलाच्या फाईलला एक बंद लिफाफा जोडावा : तिचं आजचं नाव आणि संपर्क, घरात मधुमेह, हृदयविकार, सिकलसेल असलं काही असेल तर ते, आणि तिची संमती आहे की नाही. उद्या मूल विचारत आलं, तर पारापर्यंत जायची वेळच येणार नाही.

आमच्या मागणीचा गाभा मात्र यादीच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी याच आठ जिल्ह्यांतले अभिलेख कक्ष उघडले गेले. रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) सोडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणले गेले, गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यू नोंद) आणि शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे तपासून, स्कॅन करून संकेतस्थळावर चढले. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध आम्हाला इथे काही म्हणायचं नाही. एवढंच दिसलं, की आदेश आला की आपल्या कार्यालयांना शंभर वर्षांपूर्वीचा कागद शोधता येतो. मग १९७९ चा का येऊ नये? हा कागद संकेतस्थळावर टाकायचा नाही, उलट कुलपात ठेवायचा आहे. म्हणजे काम कमीच आहे.

यादीत प्रत्येक रजिस्टरची एक ओळ पुरे : कार्यालय किंवा संस्था, रजिस्टरचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पानं, अवस्था, सध्या कुठे आहे, किल्ली कुणाकडे. नावं त्या यादीत येऊ नयेत. आपल्याकडे अ वर्गाचे कागद कायम, ब तीस वर्षं, क दहा, ड एक वर्ष. लेबर रूम रजिस्टर आणि शिशुगृहाची प्रवेश नोंदवही यांचा वर्ग ठरलेला नसेल, तिथे तो रद्दीवाला ठरवतो. दोन्हींना अ वर्गात घालणारं एक परिपत्रक आपण काढावं आणि तोवर या प्रकारच्या कागदांचं निर्लेखन (नोंद काढून कागद नष्ट करणं) थांबवावं. स्कॅन ३०० डीपीआयवर आणि रंगीत असावं, कारण लाल शाईचा शेरा आणि नंतर खोडलेलं नाव काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर दिसत नाही. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलने लिहिलेली पानं ओल लागली की पसरतात, ती आधी घ्यावीत.

‘कारा’कडून आलेल्या पत्राला तीस दिवसांत पहिलं उत्तर जावं. ‘नाही’ असेल, तर कोणती रजिस्टरं, कोणत्या तारखांची तपासली, ते त्या उत्तरात लिहिलेलं असावं. प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षात या कामासाठी एकाच व्यक्तीचं नाव ठरलेलं असावं. शनिवार-रविवार कार्यालयं बंद असतात, हे परदेशातून येणाऱ्याला तिकीट काढण्याआधी कळवावं. ही गोष्ट छोटी वाटेल, पण दहा दिवसांच्या रजेतले चार दिवस असे जातात.

सगळं एकदम जमणार नाही, हे आम्हालाही कळतं. तेव्हा सुरुवात शासकीय दवाखान्यांतल्या १९७० ते १९८५ च्या लेबर रूम रजिस्टरांपासून करावी. ती रेकॉर्ड रूमच्या तळाच्या फळीवर असतात आणि पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं. येत्या जूनच्या आत ती निदान दोन फळ्या वर उचलून ठेवावीत.

आपले,
मराठवाड्यात दत्तक, बालसंगोपन, रुग्णालयीन अभिलेख आणि समुपदेशन या कामांत असलेले आम्ही काही जण